‘उंदीर काय कमी हाईत व्हय?’ : आमची वाटचाल

इचलकरंजीत नवा धंदा काढायचा म्हटलं तरी तो सुताच्या फार पलीकडं जात नाही. १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून इथला माणूस एकतर माग चालवतो, नाहीतर मागाला काहीतरी पुरवतो. आमच्या सासऱ्यांचेही साधे माग होते. मंदीत ते एकेक करून भंगारात गेले आणि शेड रिकामं पडलं. त्या शेडमध्ये मी आणि माझ्या धाकट्या जावेनं मांजरांची खेळणी शिवायला घेतली, तेव्हा सासऱ्यांचे एक जुने दोस्त बघायला आले. सारी हयात जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्यात गेलेली. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, “मांजराला खेळणं? उंदीर काय कमी हाईत व्हय गावात?”

प्रश्न बरोबरच होता, आणि आमचा धंदा अजून त्याच प्रश्नावर चालतो. ज्या मांजराला गोठा आहे, माळा आहे, परसात सरडे-पाखरं आहेत, त्याला आमच्या मालाची गरज नाही. आमचं गिऱ्हाईक पुण्या-ठाण्याच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर, जाळी मारलेल्या बाल्कनीत बसलेलं असतं. वय सहा महिने ते दोन वर्षं. दात, नखं, झेप सगळं तयार. आणि घरात हलणारी वस्तू म्हटली तर माणसांचे पाय. मग फोन येतो, “ताई, आमचा बोका रात्री अडीचला पांघरुणात घुसून अंगठा धरतो, काय करू?”

सुरुवात खारीच्या पिल्लांपासून झाली. खारी म्हणजे जावेची मांजरी, खारी बिस्किटाच्या रंगाची. ती शेडमध्येच व्याली. पिल्लं आधी एकमेकांशी मस्ती करतात, सात-आठ आठवड्यांची झाली की वस्तूंच्या मागं लागतात. ही पिल्लं थोडी मोठी झाली आणि जावेच्या मनगटाला लटकायला लागली. तिचे ओरखडे बघून मी चिंध्या बारीक कातरून, गच्च भरून, फूट-सव्वा फूट लांबीची एक उशी शिवून दिली. मांजर झोंबतं तेव्हा पुढच्या पायांनी कवळ घालतं, चावतं आणि मागच्या दोन्ही पायांनी दणादण लाथा घालतं. त्यासाठी समोरची वस्तू त्याच्या पोटाइतकी लांब हवी. लिंबाएवढ्या चेंडूला लाथा घालणार कशा? ही उशी आम्ही ‘लाथाळी’ या नावानं विकतो. माझी पुण्यातली नणंद दोन घेऊन गेली, तिच्या सोसायटीतून आणखी मागणी आली आणि आमचा धंदा सुरू झाला. आजही सगळ्यांत जास्त खप लाथाळीचाच. सोबत एक चिठ्ठी असते: पिल्लाला हाताशी खेळवू नका. दीड महिन्याचं पिल्लू बोट चावतं ते गोड वाटतं, तेच दीड वर्षाचा बोका करतो तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

सुताच्या गावातलं मांजराचं खेळणं म्हणजे दोऱ्याचा गुंडा असणार, असं सगळ्यांना वाटतं. कॅलेंडरवरच्या मांजरीपुढं लोकरीचा गुंडा असतोच. आमच्या शेडमध्ये मात्र सुटा दोरा जमिनीवर दिसला तर बोलणी खावी लागतात. कारण मांजराच्या जिभेवर जे खरखरीत काटे असतात ते सगळे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की थुंकता येत नाही, आतच सरकत जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो आणि आतडं पायजम्याच्या नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं. ताणलेला दोरा ते कापूही शकतो. मग ऑपरेशनशिवाय गती नसते. कोल्हापूरच्या ज्या डॉक्टरांना आम्ही सुरुवातीला माल दाखवायला नेला, त्यांनी आमच्यासमोर पहिल्या नमुन्यातली दोऱ्याची शेपटी कात्रीनं कापून टाकली आणि मग बोलायला सुरुवात केली. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, हेही त्यांनीच बजावलं. घरातल्या ज्या वस्तू आपल्याला खेळण्यासारख्या वाटत नाहीत त्याच इथं वाईट: सुईदोरा, केसांचे रबर, राखीचं रेशीम, भेटवस्तूवरची रिबन, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, पतंगाचा तुटलेला मांजा. दिवाळीच्या पार्सलात आम्ही कंदिलाबद्दल दोन ओळी घालतोच.

तेव्हापासून आमच्या कुठल्याही खेळण्याला दोरा नाही. जिथं लोंबतं काही हवं तिथं कापडाच्या पट्ट्यांची तीन पेडी वेणी, बोटाएवढी जाड. डोळे म्हणून मणी नाही, बटण नाही, डोळेच नाहीत. मांजराला उंदराचे डोळे बघायचे नसतात, हौस आपली असते.

आता तपासणीचं. लहान मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता. मांजराच्या खेळण्याला कोण विचारतो? म्हणून तपासणी आमची आम्हीच लावली, आणि ती करायला बसवले त्याच जॉबरकाकांना. मागावर तुटलेला धागा हुडकण्यात ज्यांची नजर घडली त्यांच्या हातून उसवलेली शिवण सुटत नाही. प्रत्येक नग हातात घेऊन ते असा ओढतात की बघणाऱ्याला शिवणाऱ्या बाईची दया यावी. तुटला की माल परत टेबलावर. “मांजराचा जबडा माझ्यापरीस नाजूक नसतोय,” हे त्यांचं उत्तर.

लाथाळीनंतर आली दांडी. बांबूची हात-दीड हात काठी, टोकाला वेणी, वेणीला अडकवायचं सावज. सावजं तीन केली: उंदीर जड आणि लांबट, फरशीवर घसटत नेण्यासाठी, पाखरू हलकं, हवेत फिरवायला, किडा अगदी चिमुकला, कोपऱ्यात थरथरवायला. मांजरांच्या आवडी वेगळ्या असतात. कुणी हवेतल्या गोष्टीकडं ढुंकून बघत नाही, कुणाला जमिनीवरची चालत नाही. त्यामुळं ‘आमची मांजर खेळतच नाही’ म्हणणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, ती खिडकीतून काय बघत बसते? कबुतरं, की भिंतीवरची पाल?

खरी अडचण मांजराची नसतेच. लोक दांडी घेऊन सावज मांजराच्या नाकासमोर नाचवतात. मांजराला अगदी जवळचं, वीतभर अंतरावरचं, नीट दिसत नाही; तिथं त्याच्या मिशा काम करतात. आणि कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येतो? सावज नेहमी दूर पळतं, पलंगाखाली शिरतं, थांबतं, पुन्हा दोन बोटं हलतं. सोफ्याच्या आडून उंदराची नुसती शेपटी दिसू द्या आणि गप्प बसा. मांजर दबा धरेल, मागचा भाग डुलवेल आणि मग झेपेल. बघणं, दबणं, धावणं, धरणं, चावणं असा तो सगळा क्रम आहे, आणि त्यातलं शेवटचं मिळालं नाही तर बाकीचं वाया जातं. म्हणून पाच-सातदा पकडू द्यायचं, तोंडात धरून मिरवू द्यायचं. खेळ संपवताना वेग कमी करत आणायचा, सावज दमल्यासारखं करायचं, शेवटची पकड पक्की होऊ द्यायची आणि लगेच खायला घालायचं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप: मांजराचा दिवस या चार खेपांत फिरतो. अंगठा धरणाऱ्या बोक्याच्या घरी आम्ही हेच सांगितलं, की रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं दांडी आणि मग जेवण. तसंही मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला तरतरीत असतं. संध्याकाळचा तो जोर तुम्ही वापरला नाही तर तो रात्री वापरणार.

जॉबरकाकांच्या उंदरांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठानं बाहेर हिंडणाऱ्या मांजरांवर केलेलं काम २०२१ मध्ये छापून आलं. मालकांनी रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी पंचवीस टक्क्यांनी घटल्या. मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हंजे आपण उंदरांचा धंदा करतोय.”

जास्त माल विकायचा मोह आम्हालाही होतो, पण मांजराच्या बाबतीत जास्त खेळणी म्हणजे जास्त खेळ असं होत नाही. इंग्लंडमधल्याच साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर कंटाळतं, आणि जरासं वेगळं पुढं केलं की त्याच जोमानं तुटून पडतं. म्हणजे कंटाळा खेळण्याचा असतो, खेळाचा नसतो. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो: तीन-चार वस्तू पुरे. एक बाहेर ठेवा, बाकीच्या कपाटात. दोन दिवसांनी बदला. दांडी तर खेळ झाला की उचलूनच ठेवायची, म्हणजे ती शिळी होत नाही आणि वेणी चघळलीही जात नाही. नवीन दांडी घेण्याऐवजी नुसतं सावज बदलून घ्या, ते स्वस्तात देतो. हिशेब बघणारा माझा दीर यावर दर दिवाळीला कुरकुरतो. गिऱ्हाईक मात्र टिकतं.

रंगाचं सांगायचं तर लाल चिंधी आम्हाला सगळ्यांत सहज मिळते आणि मांजराला तीच सगळ्यांत कमी कळते. निळा आणि पिवळा त्याला बरा दिसतो, लाल मळकट वाटतो. तरी लाल उंदीर आम्ही करतो, कारण तो माणसं उचलतात.

काही माल आम्ही ठेवतच नाही. लेझरचा ठिपका नको, कारण तो कधी हातात येत नाही. पकड न होताच खेळ संपतो आणि काही मांजरं नंतर तासन्‌तास भिंतीवरची सावली, कवडसे शोधत बसतात. पिसं नको, कारण कोंबडीची पिसं कितीही धुऊन वाळवली तरी पावसाळ्यात वास मारतात आणि मांजर ती खाऊन टाकतं; पाखराला आम्ही कापडाच्या पट्ट्या लावतो. कॅटनिपची विचारणा रोज होते. ते पुदिन्याच्या कुळातलं झाड, त्याच्या वासानं मांजर लोळतं खरं. पण तीनातल्या एखाद्या मांजरावर त्याचा काही परिणामच होत नाही, ते रक्तातच असावं लागतं, आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू बहुधा ढिम्म राहतं. तरण्या मांजराला तर मुळात चढवायची गरज काय? आपल्याकडं बांधावर उगवणाऱ्या खोकलीच्या मुळावरही मांजरं अशीच भाळतात. ते घालून ‘गावठी कॅटनिप’ विका, असं सुचवणारे भेटले. पण त्या झाडात काही विषारी अंश आहेत, त्यामुळं आम्ही नादी लागलो नाही.

नखांसाठी घायपाताच्या सुंभाचा खांब करतो. त्याचं सगळं मर्म बुडात आहे. मांजर अंग पूर्ण ताणून ओरबाडतं, म्हणून उंची अडीच-तीन फूट हवी, आणि एकदा जरी खांब डुगडुगला तरी ते पुन्हा त्याकडं येत नाही, सोफ्याकडं जातं. प्लायवूडच्या बुडावर आमचा विश्वास बसेना. शेवटी फरशीवाल्याकडून कडप्प्याचे उरलेले तुकडे आणले आणि त्यात खांब बसवला. आता खांब हलत नाही, पण कुरिअरचं बिल बघून गिऱ्हाईक हलतं. म्हणून खांब आम्ही कोल्हापूर, सांगली, मिरज एवढ्याच टापूत देतो, तेही आमच्या टेम्पोतून. लांबच्यांना खांबाची मापं आणि सुंभ पाठवतो, बूड त्यांनी तिथंच करून घ्यावं.

आज आमच्याकडं घरी बसून शिवणाऱ्या आठ-दहा बायका आहेत, बहुतेकींच्या घरचे माग आमच्यासारखेच बंद पडलेले. मागासाठी सुताच्या कांड्या भरायची सवय असलेल्या बोटांना लाथाळीची शिवण अवघड गेली नाही. चिंधी गावात किलोवर मिळते. मात्र सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी सुताला ताठपणासाठी देतात ती, खळ लागलेली चिंधी आधी धुवावी लागते, नाहीतर महिन्याभरात खेळण्याला मुंग्या लागतात.

आणि हो, मांजरानं नखं घासायचे पुठ्ठ्याचे ओरबाडे. ते जूनपासून दसऱ्यापर्यंत मागवू नका, आम्ही पाठवत नाही. पुठ्ठ्याचे थर पिठाच्या खळीनं चिकटवतो, कारण मांजर ते तोंडात धरतं आणि रासायनिक डिंक आम्हाला चालत नाही. पण दमट हवेत त्या खळीला बुरशी येते आणि झुरळं धावतात. या दिवसांत घरात आलेल्या पार्सलचं रिकामं खोकं आडवं ठेवा, दोन बाजूंना मांजराचं डोकं आरामात जाईल एवढी भोकं पाडा, पिना आणि चिकटपट्टी काढा आणि भोकातून वेणी हलवा. खोक्याचे आम्हाला पैसे मिळत नाहीत, तरी फोनवर विचारलंत तर भोक केवढं पाडायचं ते जाऊबाई सांगतील.