डॉक्टरांची गाडी

सांगलीत गाडीचं तोंड बघायच्या आधी नंबर बघतात. दहा म्हणजे आपली, नऊ कोल्हापूरची, अकरा सातारची, पन्नास कऱ्हाडची. बारा दिसली की माणूस जरा सावरून उभा राहतो. पुण्याची गाडी म्हणजे एकतर पाहुणा, नाहीतर प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक. आणि डीएल दिसली की थेट विचारणा होते, "कितीला पडली?" दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून तिथल्या भारी गाड्या स्वस्तात इकडं यायला लागल्या, हे ज्ञान आता पानपट्टीपर्यंत पोचलं आहे. एनओसी, इथला टॅक्स आणि नवं पासिंग यांत त्या स्वस्ताईतलं किती उरतं, हे ज्ञान मात्र ज्यानं गाडी आणली त्याच्यापाशीच राहतं. तो ते कुणाला सांगत नाही.

मला हवी होती ती दहाचीच, आणि मोठी हवी होती. घरी कारण पाठीचं सांगितलं. पाठ खरंच दुखते, पण ती इतक्या लाखांची दुखत नाही, हे बायकोनं लगेच ओळखलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. एका लग्नाला जाताना मित्राच्या तसल्या गाडीत बसलो होतो. दार लावलं, ते ओढावं लागलं नाही, आपटावं लागलं नाही. "धप्प" असा एक भरीव आवाज आला आणि बाहेरचा बेंजो बंद झाला. तेवढंच. माणसं याहून फालतू कारणांसाठी याहून जास्त पैसे घालवतात.

अशी गाडी नवी घ्यायची ऐपत नाही, आणि असती तरी घेतली नसती. ही गाडी शोरूममधून बाहेर पडते तिथंच तिची उतरण सुरू होते. सहा-सात वर्षांत मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेली गाडी दिसायला तशीच असते, दार तसंच लागतं. लोक अजून तिला "इम्पोर्टेड" म्हणतात. मर्सिडीज चाकणला जुळते, ऑडी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. माझी यातली कोणती, की चौथीच, ते सांगत नाही. गल्लीत त्यावर चर्चा झालेली आहे, तेवढी पुरे.

सांगली-मिरज रस्त्यावर जुन्या गाड्यांची दुकानं आहेत. आम्ही गेलो ते जरा काचेबिचेचं होतं, आत एसी, पाण्याच्या बाटल्या. पोरगा चुणचुणीत होता. गाडीला हात न लावता पहिलं वाक्य टाकलं, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे."

या वाक्याला आमच्याकडं वजन आहे. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातनं, सोलापूरकडनं, कोकणातनं पेशंट मिरजेला उतरतात. त्यामुळं चांगल्या गाड्या ठेवणारे डॉक्टर भरपूर. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात जेवढ्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या जातात, तेवढे डॉक्टर मिरजेतसुद्धा नसावेत. डॉक्टरांची म्हणजे काय, तर घर ते दवाखाना, सर्व्हिस कंपनीत, गाडीत कुणी तंबाखू खाल्लेली नाही. यातही उतरंड आहे. सगळ्यांत वर लेडी डॉक्टर. सगळ्यांत खाली पुढाऱ्याची आणि त्याहून खाली कॉन्ट्रॅक्टरची, जी साईटवर खडीत फिरलेली असते. माझं मत जरा वेगळं आहे. रात्री दोनला बाळंतपणासाठी फोन आल्यावर कुठला डॉक्टर स्पीडब्रेकर बघून गाडी चालवत असेल? स्त्रीरोगतज्ज्ञाची गाडी असेल तर आधी सस्पेन्शन बघावं. रेडिओलॉजिस्टची असेल तर बिनघोर घ्यावी.

ही नेमकी कुठल्या डॉक्टरांची, ते पोरगं सांगेना. सरकारी अ‍ॅपवर नंबर घातला तर मालक पहिला, कर्जाचा बोजा उतरलेला, विमा चालू, एवढं कळलं. नावाची अर्धी अक्षरं फुल्यांमागं होती. मी ती फुल्यांची ओळ फोनवर धरून विचार करत बसलो. शेजारी चहा घेऊन आलेल्या मुलानं खिडकीतनं गाडीकडं बघितलं आणि डॉक्टरांचं नाव, दवाखाना कुठल्या मजल्यावर आणि थोरली मुलगी कुठं दिली आहे, हे सगळं सांगितलं.

सांगलीत जुनी गाडी घेताना आणखी एक प्रश्न असतो. पुरात होती काय? आमच्याकडं कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाच्या फुटांवर मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसं "तेव्हा इथपर्यंत आलं होतं" म्हणून निश्चिंत होती, आणि पाणी त्या खुणेच्या वर चढलं. २०२१ ला पुन्हा आलं. तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या तशाच बुडाल्या. पाणी उतरल्यावर क्रेनवरनं त्या गेल्या. त्यांतल्या किती भंगारात गेल्या आणि किती धुऊनपुसून परत बाजारात उभ्या राहिल्या, याचा हिशोब कुणाकडं नाही.

म्हणून आम्ही फिटरला घेऊन गेलो होतो. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आत बसला, काचा लावल्या, एसी बंद केला आणि डोळे मिटून गप्प बसून राहिला. पोरगं अस्वस्थ झालं. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी हातानंच गप्प राहायला सांगितलं. फिटर वास घेत होता. चिखलाचा वास कार्पेटच्या खालच्या फोममध्ये बसतो आणि बंद गाडीत उन्हात वर येतो. "अत्तर लई मारलेली गाडी घ्यायची न्हाई," एवढं बोलून तो पुढच्या कामाला लागला. सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत आणला. बेल्टचा तो शेवटचा हातभर भाग रोजच्या वापरात कधी बाहेर येत नाही. गाडी धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. पाणी शिरलं असेल तर तिथं मातकट रेघ राहते. त्यानं पट्टा उजेडात धरला, नखानं खरवडला, नखाकडं बघितलं आणि सोडून दिला. पट्टा सुळकन आत गेला. मग सीटखालच्या पट्ट्यांचे स्क्रू, डिकीतल्या मॅटखालचा खड्डा, डॅशबोर्डच्या पोटात मोबाईलची बॅटरी धरून दिसतील तेवढ्या वायरी. सगळं कोरडं होतं.

त्यानंतर काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, तीवरनं वर्ष कळतं. एखाद्याच काचेचं वर्ष वेगळं निघालं तर ती बाजू कशावर तरी आदळली असं समजायचं. टायरवर आकडे होते २३१९, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. "पुराच्या आधीचाच हाय की हो," फिटर म्हणाला. पोरगं घाईघाईनं म्हणालं, टायर बदलून देऊ. शेवटी फिटरनं खिशातनं काडेपेटीएवढं यंत्र काढून स्टीअरिंगखाली खोचलं. मीटरवरचे किलोमीटर मागं फिरवता येतात, पण अशा गाड्यांत तोच आकडा दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरातही लिहिलेला असतो, तो फिरवायचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही आकडे जुळले. डावीकडचं मागचं दार तेवढं रंगवलेलं निघालं. फिटरनं बोटाच्या टोकानं दार वाजवलं, शेजारचं वाजवलं आणि निकाल दिला, "घासल्याली हाय, आपटल्याली न्हाई." या दोन शब्दांत पन्नास हजारांचं अंतर आहे, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं.

भाव करायला दाजींना नेलं होतं. बहिणीच्या नवऱ्याला अशा कामात पुढं घालायचं, म्हणजे तुटलं तरी त्याच्या नावावर आणि जुळलं तरी त्याचा मान. पोरानं कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला आणि वर म्हणालं, "यावर अठरा टक्के जीएसटी." दाजी मार्केट यार्डात हळदीची अडत करतात, टक्क्यांची भाषा त्यांना झोपेतही समजते. ते शांतपणे म्हणाले, "जुन्या गाडीला जीएसटी तुमच्या मार्जिनवर लागतो, अख्ख्या किमतीवर न्हाई. मार्जिन किती धरलंय तेवढं सांगा, त्याचे अठरा टक्के आम्ही आनंदानं देतो." पोरगं आत जाऊन मालकाला घेऊन आलं. मालकानं पुन्हा चहा सांगितला. तो चहा आला तोवर जीएसटी किमतीतच बसला होता आणि चारी टायर नवे ठरले होते.

कागदांचं एजंटानं केलं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सह्या, अंगठा, आरटीओ. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळं तो डॉक्टर आपल्याबरोबर घेऊन गेले. बाकीचं सगळं मला मिळालं, फास्टॅगसकट. तो बदलायचं दुकानात राहून गेलं होतं. पहिल्यांदा पुण्याला निघालो, तासवड्याचा टोल पार केला आणि पाच मिनिटांत अनोळखी नंबरवरून फोन. "नमस्कार, मी डॉक्टर बोलतोय. तासवडे पार केलंत ना?" मी शरमून म्हणालो, पैसे लगेच पाठवतो. "ते राहू द्या हो. चौथ्या गिअरला वरच्या चढाला जरा अडते का अजून?" अडत नव्हती. आनेवाडीला पुन्हा फोन आला. "सावकाश जा, पुढं खेड शिवापूरला गर्दी असेल." पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. टॅग बदलल्यावर मला त्या रस्त्यावर जरा एकटं वाटलं, हे खरं.

आरसीवर आता माझं नाव आहे, पण ते फक्त आरटीओला माहीत आहे. मिरजेत दोन दवाखान्यांचे वॉचमन मला बघून गेट उघडतात. एकदा स्टेशन चौकात सिग्नलला उभा होतो, तर एका माणसानं काचेवर टकटक केलं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मी काच खाली केली. त्यानं माझ्याकडं एक नजर टाकली आणि वाकून मागच्या सीटवर बघायला लागला. "साहेब न्हाईत आज?" म्हणाला. मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? बायको शेजारी बसली होती, ती खिडकीबाहेर बघत हसत राहिली. त्या दिवसापासनं मी टापटीप कपडे घालून गाडी चालवायला लागलो, तर दाजी म्हणाले, "आता तर पक्का ड्रायव्हर दिसतोयस."

खर्चाचं थोडक्यात सांगतो. गाडीची किंमत उतरते, पार्टांची उतरत नाही. ती घेणाऱ्याला तिसऱ्या हिश्श्यात मिळाली हे तिच्या हेडलाइटला माहीत नसतं; त्या एका दिव्याच्या पैशात चालू स्कूटर येते. पोट रस्त्याला जवळ, त्यामुळं स्पीडब्रेकरवरनं तिरकी काढायची. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं राहायचं आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्या चुकवायच्या. शंभराच्या पुढं जाणारी गाडी घेऊन हंगामात मी बहुतेक वेळ वीसनं जातो. दार मात्र छान लागतं.

माझं ठिबकचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवाले. पाइपा, लॅटरल, फिल्टर सगळं छाटणीच्या वेळी उधारीवर जातं आणि बेदाणा विकल्यावर पैसे येतात. या धंद्यात उधारी मागायला अशा गाडीतनं जाता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालक एवढ्या गाडीतनं उतरला की समोरच्याला वाटतं, याला काय घाई आहे? म्हणून वसुलीला अजून जुनी वॅगन आर आहे. मणेराजुरीच्या एका आबांकडं दोन हंगामांचे पैसे अडकले होते. त्यांच्याकडं मुद्दाम वॅगन आरनंच गेलो. आबांनी बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, बेदाण्याचा दर पडल्याचं सांगितलं आणि मग म्हणाले, "पोराचं लगीन धरलंय मे महिन्यात. तुमची ती डॉक्टरची गाडी द्या की नवरदेवाला."

दिली. मीच चालवत गेलो, कारण दुसऱ्याच्या हातात देववेना. झेंडूच्या माळा आणि चिकटपट्टी रंगावर लावू नका म्हणून सांगितलं, लावलीच. वेशीपासनं मांडवापर्यंत बेंजोच्या मागं पहिल्या गिअरमध्ये तासभर. उधारीचा विषय काढायचा त्या दिवशी बेत होता, पण नवरदेव मागं बसला होता आणि आबा पुढं नाचत होते.