आमची वाटचाल : आमच्या गाड्या गेल्या कशा

मालवाहतूक करणाऱ्या कुठल्याही फर्मची 'वाटचाल' वाचायला घ्या. पहिली गाडी कधी आली, नारळ कुणी फोडला, दुसरी कधी घेतली, आज किती आहेत, हे सगळं त्यात असतं. गाड्या गेल्या कशा, हे मात्र कुणी लिहीत नाही. आणि आमच्याकडे जुनं गिऱ्हाईक आलं की त्याला नेमकं तेच हवं असतं. "ती लाल मॅटाडोर काय केलीत हो?" नव्या गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून या वेळी आमच्या पिकअप गाड्यांचा हिशेब जावक बाजूनं मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्याकडची एकही जुनी गाडी इंजिन बसलं म्हणून गेलेली नाही. मीठ, सुटे भाग, पूर आणि कागद, ही कारणं.

आमचा धंदा चिपळूणचा. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या मुंबईला, पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला आणि फळबाजार तिथून हलल्यावर वाशीला. उरलेलं वर्ष मासळी. हर्णै-दाभोळकडून उचलायची आणि कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्याला पोचवायची, येताना कराडहून भाजी भरायची. परतीचा माल मिळाला तरच धंदा, नाहीतर डिझेल जाळणं, हे आप्पांचं म्हणजे माझ्या वडिलांचं पहिलं गणित. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आंबाही संपलेला असतो. ते दोन महिने गाड्या ठोकाठोकीला, रंगाला आणि पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला. अजूनही तसंच चालतं.

आप्पांनी पहिली मॅटाडोर पुण्याहून जुनीच आणली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. ही कंपनी म्हणजे आजची फोर्स मोटर्स, नाव २००५ मध्ये बदललं. ज्यांनी मॅटाडोर चालवली नाही त्यांना सांगायला हवं की तिला ओढ पुढच्या चाकांची. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे हौदा खाली, जवळजवळ गुडघ्याला. आंब्याची पेटी उचलून आत सरकवायला फळी लागायची नाही. बागायतदारांची ती लाडकी होती ती एवढ्यासाठीच. पण पावसात भरलेली गाडी घाट चढायला लागली की वजन मागे झुकायचं, पुढची चाकं हलकी व्हायची आणि जागच्या जागी गरागरा फिरायची. आमचे मामा (आमचे पहिले ड्रायव्हर, सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं) बर्फाचे जड खोके केबिनच्या पाठीला चिकटवून भरायला लावायचे आणि क्लीनरला दगड घेऊन चाकामागून चालवायचे. क्लीनर घाटभर शिव्या द्यायचा. मामा म्हणायचे, "तू चाल, ती पण चालेल."

मासळीची गाडी वरून सडत नाही, आतून सडते. खोक्यांतला बर्फ वितळतो, मिठाचं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली उतरतं आणि सांगाड्याच्या पोकळ चॅनलमध्ये जाऊन बसतं. तिथं ना ऊन लागत ना वारा. रंग वरून झकास दिसतो आणि आत पापुद्रे सुटत असतात. आम्ही दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायचो, कोकणात सगळेच मारतात. त्यानं दोन-चार वर्षं वाढतात, मीठ काही थांबत नाही. शेवटी एकदा जॅक लावला तर गाडी उचलली गेलीच नाही, जॅकच सांगाड्यात घुसला. मिस्त्रींनी हातोडीनं ठोकून बघितलं. टणटण वाजायला हवं तिथं भदभद आवाज. इंजिन मात्र पहिल्या सेल्फला सुरू.

वेल्डिंग करून आणखी एखादा हंगाम काढता आला असता, मिस्त्रींची तयारीही होती. आप्पांनी नको म्हटलं. घाटात सांगाडा मोडला तर माल भरून देता येतो, माणूस नाही. गाडी आवारातच गॅसकटरनं कापली. तेव्हा मी शाळेत होतो आणि मला फक्त एवढं आठवतं की आई त्या दिवशी माहेरी गेली होती, बहुतेक मुद्दाम.

दुसरी मॅटाडोर नंतरची, मर्सिडीजच्या आराखड्यावर बनलेलं डिझेल इंजिन असलेली. आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांत दणकट इंजिन कुठलं, असं विचाराल तर आजही हेच सांगेन. ही मासळीला लावायचीच नाही असं आप्पांनी ठरवलं होतं, म्हणून सांगाडा टिकला. तिला संपवलं सुट्या भागांनी. कंपनीनं मॅटाडोर बंद केल्यावर पहिली काही वर्षं काही जाणवलं नाही. मग एकेक वस्तू मिळेनाशी झाली. पुढच्या एक्सलचे जॉइंट, गिअरच्या लिंका, दाराची कुलपं, आणि शेवटी साधं काचेचं रबर. मिस्त्री कुर्ल्याच्या जुन्या बाजारात जाऊन मेलेल्या मॅटाडोरचे भाग घेऊन यायचे. म्हणजे ही जगत होती ती दुसऱ्या मरत होत्या म्हणून. त्याही संपल्यावर तिला उभी केली. इंजिन उतरवून एका चिरेखाणवाल्यानं नेलं, जनरेटर फिरवायला. ते तिथं आणखी बरीच वर्षं चाललं.

मध्ये टाटांच्या ४०७ ट्रकचा काळ येऊन गेला. तो थोडक्यात सांगतो, कारण ती पिकअप नव्हे. पण त्या खरेदीमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी भागीदारीतल्या चार हलक्या ट्रक एकदम बाजारात आल्या होत्या: डीसीएम टोयोटा, अल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. दिसायला देखण्या, केबिनमध्ये आवाज कमी. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ काढली. आप्पांचा जीव टोयोटावर आला होता. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "पाटणला बंद पडली तर पार्ट कुठून आणायचा?" आप्पांनी ४०७ घेतली. पुढे टोयोटानं त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, अल्विन निसान जहीराबादच्या कारखान्यासकट महिंद्राकडे गेली, आणि ज्यांनी त्या गाड्या घेतल्या होत्या त्यांची आमच्या दुसऱ्या मॅटाडोरसारखीच गत झाली, फक्त बरीच लवकर. ४०७ आम्ही चालत्या अवस्थेत विकली. ती घाटावर कुठेतरी अजून विटा वाहत असेल तर मला नवल वाटणार नाही.

मी धंद्यात आलो ते २०७ घेऊन. टाटांची पहिली पिकअप म्हणजे १९८८ ची टाटा मोबाइल, २०६. तिच्याच पायावर पुढे सिएरा उभी राहिली, ही गोष्ट सिएरावाल्यांना सांगितली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. २०७ ही त्याच घराण्यातली, पण कष्टाला जन्मलेली. मोकळा हौदा, तिन्ही बाजूंना उघडणारे फाळके, मागे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे. आमच्याकडे दोन होत्या, एक पांढरी आणि एक पांढरीच. ड्रायव्हर ताडपत्रीच्या रंगावरून ओळखायचे.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. रात्रभर पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या शहरात शिरल्या. २००५ चा पूर आमच्या ध्यानात होता, म्हणून गाड्या गोडाऊनच्या आवारात सर्वांत उंच जागी, त्या पुराच्या खुणेच्या वर लावलेल्या होत्या. या वेळी पाणी ती खूण मागे टाकून गेलं. महामार्गावरचा जुना पूलही खचला. आम्ही सगळी माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप राहिलो, तेव्हा गाड्यांबद्दल रडायचा हक्क आम्हाला नाही, हे त्याच आठवड्यात कळलं. शहरात लोकांची माणसं गेली होती.

पाणी उतरल्यावर मिस्त्री चिखल तुडवत आले ते लांबूनच ओरडत, "चावी कुणी फिरवायची नाही!" इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन ते पाणी दाबायला जातं, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाचलं असतं ते इंजिनही जातं. त्या दिवसांत शहरात असे कितीतरी सेल्फ मारले गेले. आमच्या दोन्ही २०७ चे डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिन हातानं फिरवलं, पाणी बाहेर काढलं, तीन-तीनदा ऑइल बदललं आणि दोन्ही सुरू झाल्या. पण गिअरबॉक्सचं ऑइल दुधाचा चहा झालेलं, वायरिंगच्या प्रत्येक सांध्यात गाळ, ब्रेकचे ड्रम जाम, आणि केबिनमधला वास काही केल्या जाईना.

इथं विम्याची गोष्ट येते. नव्या गाडीला पूर्ण विमा असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात आणि पैसे मिळतात. जुन्या गाडीची आयडीव्ही उतरत उतरत इतकी खाली येते की पूर्ण विम्याचा हप्ता परवडत नाही. मग बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी काढतात. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपली गाडी पुरात बुडाली तर एक पैसा नाही. आमच्या दोन्ही थर्ड पार्टीवर होत्या. दुरुस्तीचा अंदाज ऐकला, एकीचं बाजारमूल्य ऐकलं आणि दोन्ही वजनावर दिल्या. कमानपाटे तेवढे लोहाराला दिले. पाट्याचं पोलाद कोयत्याला उत्तम, आमच्या काही बागायतदारांच्या घरी २०७ चे कोयते आहेत आणि ते ती ओळख करून देऊन दाखवतात.

पुराच्याच वर्षी, १३ ऑगस्टला, केंद्र सरकारचं जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. त्याचा फटका बसला आमच्या छोट्या हत्तीला. टाटा एस २००५ मध्ये आली: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल. आकडे ऐकून आप्पा हसले होते. "रिक्षाला दार लावलंय," म्हणाले. पण बाजारपेठेच्या गल्लीत ती जिथं वळायची तिथं दुसरी गाडी शिरायची नाही. तीन हजार किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, तोही एक त्रास वाचला. गावातली सगळी पोच तिच्यावर होती. मासळी तिला कधी दाखवली नाही, पुराच्या दिवशी ती घाटावर होती. सोळा वर्षांची झाली तरी पत्र्याला भोक नव्हतं.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागतं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या मालवाहू गाडीच्या फिटनेसची फी ७,५०० रुपये झाली, शिवाय मुदत उलटली तर दिवसाला ५० रुपये. त्यात राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि पासिंगआधीचा रंग मिळवा. वर्षाला तिच्या बाजारभावाचा मोठा तुकडा नुसता कागदावर जायचा. माझं मत विचाराल तर वयापेक्षा खालचा सांगाडा ठोकून बघावा. मासळीची दहा वर्षांची गाडी धोक्याची असते आणि गल्लीत फिरलेली सोळा वर्षांची नसते. पण फी वय बघते.

तिला आम्ही भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत मोडणी केंद्रात दिली, आणि त्याबद्दल मात्र चांगलंच सांगेन. आवारात मॅटाडोर कापली तेव्हा ऑइल मातीत मुरलं होतं. केंद्रात आधी डिझेल, ऑइल, बॅटरी वेगळी काढतात. गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे तपासतात. चासीच्या नंबराचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवतात, म्हणजे तो नंबर उद्या चोरीच्या गाडीवर बसणार नाही. हातात जमा-प्रमाणपत्र मिळतं. केंद्र सरकारच्या नियमात त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, आणि ते दुसऱ्याला विकताही येतं. पैसे म्हणाल तर नव्या गाडीच्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. ड्रायव्हरनं देण्याआधी तिचा गाणारा हॉर्न काढून घेतला. तसाही तो कायद्यात बसत नव्हताच.

सध्याच्या पिकअप सगळ्या बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या आहेत. मिस्त्रींचा मुलगा लॅपटॉप जोडून दोष वाचतो, मिस्त्री शेजारी उभे राहून बोनेटवर कान ठेवतात. निम्म्या वेळा दोघांचं उत्तर एकच येतं. या गाड्या कशानं जातील याची पैज लागली आहे. मिस्त्री म्हणतात सेन्सर, मी म्हणतो मीठच. मासळीसाठी आता हौद्यात बंद इन्सुलेटेड पेटी बसवली आहे आणि वितळलेलं पाणी नळीनं कॅनमध्ये घेतो. रस्त्यावर सांडत नाही, सांगाड्यावरही नाही. मासळीच्या गिऱ्हाइकांनी उतरवताना ती नळी ओढू नये, दोनदा तुटली आहे.

आंब्यासाठी गाडी हवी असेल तर फेब्रुवारीच्या आत सांगून ठेवा. पेट्या किती, कुठल्या बागेतून, वाशीला कुणाच्या गाळ्यावर, एवढं कळलं की पुरे. भाडं तेव्हाच्या डिझेलवर ठरतं.