काकडीचा थंडपणा

दुपारच्या जेवणासाठी काकडी सोलत बसलो असताना बाहेरच्या खोलीत चाललेल्या सामन्याचा इंग्रजी समालोचक एका फलंदाजाविषयी ‘कूल ॲज अ कुकंबर’ असे म्हणाला, आणि हातातली साल अर्धवट लोंबकळत राहिली. ज्या फळाच्या नावाने इंग्रजीत स्थितप्रज्ञांना प्रशस्तिपत्रे वाटली जातात ते माझ्या हातात होते, आणि इतक्या वर्षांच्या परिचयात त्याच्या स्वभावाचा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता.

मराठीत डोके थंड असते, डोक्यावर बर्फ असतो आणि त्याच्याही पलीकडे गेलेला माणूस ढिम्म असतो. काकडी मात्र या कामी कधी आली नाही. इंग्रजीत तिच्यात दोन्ही माणसे मावतात, संकटात न डगमगणारा आणि चोरी पकडली गेली तरी पापणी न हलवणारा. १७३२ साली निवर्तलेल्या जॉन गे या कवीने तर तिला प्रेमाच्या व्यवहारात आणले. त्याच्या एका कवितेतला प्रियकर म्हणतो, की मॉलीची कृपा झाली तर उरलेल्या सगळ्या स्त्रियांकडे मी काकडीच्या थंडपणाने पाहू शकेन. त्याच कवितेत तो स्वतःच्या प्रेमाला मोहरीइतके जहाल म्हणतो. मोहरी आणि काकडी एकत्र येऊनही कवीला फोडणी सुचू नये, याचे खमंग काकडीवर वाढलेल्या माणसाला वाईट वाटते.

काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असते हे खरे. पण तिला शांत म्हणणाऱ्यांनी ऊन तापल्यावर आणि वेलाचे पाणी तुटल्यावर तिची चव पाहिलेली नसावी. अशा दिवसांत तिच्यात कुकर्बिटासिन ही कडू द्रव्ये वाढतात आणि देठाकडे अधिक साठतात. आजीला त्यांचे नाव ठाऊक नव्हते, जागा ठाऊक होती. देठाकडची चकती कापून ती उरलेल्या तोंडावर गोल गोल घासायची, पांढरा फेस आला की “उतरलं बघ कडू” म्हणायची, आणि तरीही पहिली फोड मला चाखायला द्यायची. मी तोंड वाकडे केले नाही की काकडी पास.

एकदा ती फोड डोळ्यांत पाणी यावे इतकी कडू निघाली, आणि केवळ आपल्याला जमते का हे पाहण्यासाठी मी चेहऱ्यावरची रेषाही हलू दिली नाही. कोशिंबीर झाली. आजोबांनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले आणि पानातली सगळी कोशिंबीर सावकाश संपवली. आजीने आणखी वाढू का विचारले, तेव्हा “वाढ थोडी” असेही म्हणाले.

त्यांच्या काय लक्षात आले होते, हे मी पुढे कधी विचारले नाही. आज चकती घासून झाल्यावर एक फोड तोंडात टाकली आणि स्वयंपाकघरात पाहणारे कुणी नाही याची खात्री करून मनसोक्त तोंड वाकडे केले.