मादी निर्दोष, गुन्हेगार लाल चोचीचा

मागच्या अपडेटमध्ये माझ्या काळ्या डोक्याच्या गोल्डियन फिंच (रंगीत, चिमणीएवढा पिंजऱ्यातला पक्षी) मादीला, पिल्लं हीच घरट्याबाहेर फेकते म्हणून, मी नाही नाही ते बोललो होतो. ते सगळे शब्द मागे घेतो.

तिसरा क्लच, म्हणजे अंड्यांची तिसरी खेप. पाच अंडी, टॉर्च लावून बघितलं तर चार फर्टाइल, म्हणजे आत जीव धरलेली. पंधराव्या दिवशी चार पिल्लं, आणि सोळाव्या दिवशी सकाळी त्यातली दोन खाली वाळूत, थंडगार. आधीच्या दोन क्लचचंही हेच. तुम्ही बहुतेकांनी सांगितलंत, मादी नवखी आहे, फेकणारच. मग मी काय करायचं बाकी ठेवलं? गणपती उठले तरी बेळगावात झड थांबेना म्हणून बल्ब लावला. अंड्याचं सॉफ्ट फूड दोन वेळा, समुद्रफेस, मोड आणलेले राळे. (आमच्या बाजारात राळे ‘नवणे’ म्हणून मागा, आणि सालासकट मागा. साल काढलेल्याला मोड येत नाहीत. पाकीटबंद मिक्सवर माझा तरी विश्वास उरलेला नाही, निम्मा भुसा असतो.)

उंदीर झाला, पाल झाली, साप झाला, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी पोराचा जुना मोबाइल घरट्याच्या बॉक्ससमोर जाळीला बांधला आणि संध्याकाळी फुटेज पळवत बसलो. दुपारी मादी खायला उतरली, नर पाण्यावर. तेवढ्यात त्याच एव्हिअरीतला (मोठ्या पिंजऱ्यातला) लाल चोचीच्या झेब्रा फिंचचा नर चोचीत काथ्या घेऊन आत! संसार थाटायला. बाहेर आला तेव्हा चोचीत काथ्या नव्हता, पिल्लू होतं. घरट्यासाठी मातीची मटकी सहा टांगलीत त्याच्यासाठी, तीही रिकामी. याला बॉक्सच पाहिजे.

आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “उगंच शिव्या दिलास की रे तिला.”

उरलेलं एक पिल्लू त्याच रात्री बेंगालीज फिंचच्या मादीखाली सरकवलं. तिची स्वतःची दोन जवळपास त्याच वयाची होती, म्हणून जमलं. खरं तर फोस्टरिंग, म्हणजे दुसऱ्या पक्ष्याकडून पिल्लं वाढवून घेणं, मला पटत नाही, पिल्लं मोठी होऊन बेंगालीजच्याच मागे लागतात. पण इथे दुसरा इलाज नव्हता. आज नववा दिवस. गळ्याखालची दाण्याची पोटली सकाळ-संध्याकाळ टम्म. टॉर्च मारला की चोचीच्या कोपऱ्यातले निळे मणी असे चमकतात की बघत राहावं.

आता झेब्रांना वेगळं करायला एव्हिअरीत मधोमध पार्टिशन घालणार. अर्ध्या इंचाची जाळी आणलीय. मागची एका पावसाळ्यात गंजली, दुकानाचं नाव घेत नाही. ही व्हिनेगरने घासून, आठवडाभर उन्हात ठेवूनच लावायची, नाहीतर जस्ताचे कण पोटात जायचे.

थांबा. आठ फुटांची एव्हिअरी कापली तर गोल्डियनना उडायला राहतं काय? त्यापेक्षा झेब्रांनाच मार्चपर्यंत बाहेर काढतो. ते काय, बारा महिने कुठेही अंडी घालतात. पार्टिशन रद्द. जाळी गॅलरीतल्या पिंजऱ्याला वापरतो.

तो नर आत्ताच तिथे हलवलाय. दाण्याच्या वाटीत काथ्या भरायला लागलाय.