टेस्ट बेडवर न सापडलेला दोष

इंजिनांच्या चाचण्या घेणं हे माझं काम. एका नव्या टेस्ट बेडच्या, म्हणजे इंजिन जमिनीवर बसवून चालवून पाहायच्या चौकटीच्या, तपासणीसाठी इटलीला गेलो होतो. दुपारी हात मोकळे झाले, तेव्हा तिथल्या इंजिनिअर मंडळींनी आम्हाला ब्राच्चानो तलावाकाठी, विन्या दि वाल्लेच्या हवाई दल संग्रहालयात नेलं. तिथे लालभडक माक्की एम.सी. ७२ उभं आहे.

मारियो कास्तोल्दी यांनी आखलेलं हे शर्यतीचं सी-प्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं विमान. फिआटनं दोन व्ही-१२ इंजिनं एकामागे एक जोडून चोवीस सिलिंडरचं, सुमारे ५० लिटरचं एएस ६ बनवलं. नाकाशी दोन प्रोपेलर, एकमेकांच्या उलट फिरणारे. एवढ्या ताकदीला एकच प्रोपेलर असता, तर टॉर्कमुळे, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या पिळामुळे, एक फ्लोट (विमान पाण्यावर तरंगवणारा तराफा) पाण्यात दाबला जाऊन विमान भलतीकडेच वळलं असतं. पंखांचा पृष्ठभाग हाच रेडिएटर. वेगळा रेडिएटर वाऱ्यात आडवा धरणं परवडणारं नव्हतं.

मी खिळलो ते मात्र इनटेकपाशी, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडापाशी. १९३१ मध्ये हे इंजिन बेडवर छान चालायचं आणि हवेत गेलं की बॅकफायर करायचं, म्हणजे ज्वाळा उलटी इनटेकमध्ये भडकायची. ऑगस्टमध्ये याच प्रकारच्या विमानाच्या अपघातात वैमानिक मोंती गेले, सप्टेंबरमध्ये बेल्लिनी. इटलीला सी-प्लेनच्या श्नायडर करंडक शर्यतीत उतरता आलं नाही. १३ सप्टेंबरला ब्रिटनच्या सुपरमरीन एस ६ बीनं एकट्यानं उडून करंडक कायमचा नेला.

नंतर इंधनतज्ज्ञ रॉड बँक्स इटलीला आले. ब्रिटनच्या इंजिनांचं इंधन त्यांनीच जमवलं होतं, आणि आता ते प्रतिस्पर्ध्याच्या मदतीला! बेडवरचं इंजिन स्थिर हवा घेत होतं. उड्डाणात इनटेकमध्ये घुसणाऱ्या वाऱ्याचा दाब तिथे नव्हताच. तो वारा बेडवर आणून चाचण्या झाल्या, इंधनाचं मिश्रण बदललं, आणि इंजिन ताळ्यावर आलं.

२३ ऑक्टोबर १९३४. गार्दा सरोवरावर, देसेन्झानोला, वैमानिक फ्रान्चेस्को आजेल्लो यांनी याच विमानातून सरासरी वेग नोंदवला: ताशी ७०९ किलोमीटर. पिस्टन इंजिनाच्या सी-प्लेनसाठी हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. करंडक हातचा गेल्यावरही ही माणसं तीन वर्षं त्या इंजिनाशी झुंजत राहिली, याचं मला विक्रमापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या यादीत नसलेला एक प्रश्न मी विचारला: या बेडवर इनटेकसमोर वारा किती वेगानं सोडता येतो? त्यांनी ब्लोअरचे आकडे काढले, आणि त्यावर आमची सकाळभर चर्चा चालली.