तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्साइट असताना नवा स्फटिक कशाला?

मुंबईत दगड-खनिजं जमवणारी मंडळी भेटली की हा प्रश्न ठरलेला: कॅल्साइट तर आपल्या कांदिवलीच्या खाणीतही मिळायचा, मग प्रयोगशाळेत नवे स्फटिक घडवायचा खटाटोप कशासाठी?

कॅल्साइटचा स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवून बघा. प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. तुकडा फिरवला की एक अक्षर जागचं हलत नाही, दुसरं त्याच्याभोवती फिरतं. प्रकाशाची अशी दोन किरणांत फोड होणं म्हणजे द्विअपवर्तन; ते डॅनिश शास्त्रज्ञ रास्मुस बार्थोलिनने १६६९ साली नोंदवलं. ही दोन किरणं वेगळी करणारे प्रिझम अशाच स्फटिकांतून कापतात. दोन किरणांच्या अपवर्तनांकांमधला (प्रकाश किती वळतो त्याच्या मापांमधला) फरक इथे ०.१७२ आहे; क्वार्ट्झमध्ये जेमतेम ०.००९. कारण रचनेत आहे. कार्बोनेटचे सपाट त्रिकोण पापडांच्या चळतीसारखे एकमेकांना समांतर बसलेले असतात, आणि इलेक्ट्रॉन त्या सपाटीत जितके सहज हलतात तितके तिच्या काटकोनात हलत नाहीत.

पण कॅल्साइट मऊ, पॉलिश करताना कपचे उडतात, मोठा निर्दोष तुकडा दुर्मिळ. वितळवून वाढवावा तर साध्या दाबाखाली वितळण्याआधीच त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. सोडियम नायट्रेटची रचना अगदी तशीच आणि फरक ०.२५! पण जुलैत मुंबईच्या हवेत उघडा ठेवलात तर त्याला पाणी सुटतं. यिट्रियम व्हॅनाडेट टिकाऊ, वितळवून मोठा वाढवता येतो, फायबर ऑप्टिक्समध्ये भरपूर वापरला जातो. मात्र ४०० नॅनोमीटरच्या खाली, अतिनील प्रकाशात, तो निरुपयोगी. तिथे बेरियम बोरेटचा अल्फा प्रकार चालतो, पण त्याचा फरक ०.१२ च्या आसपासच.

म्हणून नवं घडवायचं. सपाट अणुगट समांतर बसवायचे, जोडीला कथिल किंवा अँटिमनीसारखे, न वापरलेली इलेक्ट्रॉन-जोडी बाळगणारे आयन घ्यायचे. फरक वाढतो. त्याबरोबर बहुतेकदा शोषणाची सीमाही (जिच्या खालच्या तरंगलांबीचा प्रकाश स्फटिक गिळतो ती) दृश्य प्रकाशाकडे सरकते, आणि अतिनील हातचा जातो. खरी झुंज इथे आहे.

शोधनिबंधात ०.४ सारखा आकडा वाचला की मलाही आनंद होतो. पण मिलिमीटरभर दाण्यावर मोजलेल्या आकड्यातून प्रिझम कापता येत नाही. माझ्या मते ०.२ पुरे, जर स्फटिक बोटभर वाढत असेल. त्यामुळे संगणकावर रचना जुळवताना मी द्विअपवर्तनाच्याही आधी हे पाहते, की पदार्थ विघटन न होता वितळेल का आणि दमट हवेत टिकेल का.