चिंगीसाठी सोबत शोधताना

आम्ही राहतो त्या स्वित्झर्लंडमध्ये गिनी पिग हा छोटा केसाळ पाळीव प्राणी एकटा पाळता येत नाही. १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या तिथल्या प्राणिसंरक्षण अध्यादेशानुसार गिनी पिग किमान दोन तरी ठेवावेच लागतात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमचा गिनी पिग बंड्या म्हातारपणाने गेला, तेव्हा मागे राहिलेल्या चिंगीला सोबत शोधणे आमच्या हौसेवर अवलंबून राहिले नव्हते. दिवाळीत नाशिकला आल्यावर हे सगळे सांगत होते, तर पंचवटीतल्या काकू म्हणाल्या, “अगं, तुझे काका गेले तेव्हा मला नाही कुणी सोबत आणून दिली!”

काकूंचे म्हणणे हसण्यावारी गेले, परंतु कायद्यामागचे कारण खरे आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, छोट्या कळपात राहणारा प्राणी असून दिवसभर त्याचा कसला ना कसला आवाज चालू असतो, आणि माणसाने कितीही मांडीवर घेतले तरी त्या आवाजाला उत्तर देणे त्याला जमत नाही. फ्रिज उघडल्याबरोबर शिट्टी मारणारी चिंगी बंड्या गेल्यावर गप्प झाली. त्यापेक्षा मोठी काळजी तिच्या खाण्याची होती. या प्राण्याच्या पोटात सतत गवत जात राहावे लागते, आणि एक दिवस जरी त्याने खाणे सोडले तरी आतड्यांचे काम मंदावून जिवावर बेतू शकते. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर परात ठेवून आम्ही रोज तिचे वजन करत होतो.

सोबत आणायची हे ठरले, पण कोणती? गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. चिंगीचे निम्म्याहून अधिक आयुष्य सरलेले. अशा वेळी पिल्लू आणले तर उद्या ती गेल्यावर ते एकटे पडणार, मग त्याच्यासाठी आणखी एक, आणि हे कधी संपणारच नाही. तिथे यावर काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो: काही जण वयस्क गिनी पिग सोबतीपुरते उसने देतात आणि काम संपल्यावर परत घेतात. आम्ही ज्या बाईंकडे गेलो त्यांनी चिंगीचे वय, वजन, स्वभाव, जागा किती, अशी चौकशी केली, की आपल्याकडे स्थळ पाहतानाही इतके विचारत नसतील. अखेर निर्बीजीकरण केलेला एक प्रौढ नर त्यांनी दिला. अशा नरालाही शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावे लागते. तो काळ त्यांच्याकडेच उलटून गेला होता. मुलांनी त्याचे नाव दगडू ठेवले.

दोघांची भेट चिंगीच्या पिंजऱ्यात घालून द्यायची नसते, कारण तिथे ती मालकीण असते. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून आम्ही गवताचे दोन-तीन ढीग केले आणि लपायला दोन्हीकडून उघडी खोकी ठेवली, म्हणजे कुणी कोंडीत सापडणार नाही. दगडू घुरघुरत, मागचा भाग डोलवत तिच्याभोवती फिरू लागला, आणि चिंगीने पाठ वळवून त्याच्या तोंडावर लघवीची पिचकारी मारली. माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. पण नको असलेल्या नराला परतवण्याची मादीची ही नेहमीची रीत आहे. दात वाजवणे, पाठलाग, अंगावर चढणे हे पाहून माणसाचा हात त्यांना वेगळे करायला शिवशिवतो, मात्र रक्त येईपर्यंत भांडण गेले नाही तर मध्ये पडू नये, नाहीतर मानापमानाचा तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रात्री उशिरा दोघे एकाच ढिगातले गवत ओढू लागले आणि चिंगीचे वजन हळूहळू सावरले.

गंगापूर रोडवरच्या एक-दोन मैत्रिणींना आता मुलांसाठी गिनी पिग हवा आहे. त्यांना मी आधी उन्हाळ्याची आठवण करून देते. सव्वीस-सत्तावीस अंशांच्या पुढे या प्राण्याला त्रास होऊ लागतो आणि आपला एप्रिल-मे तर चाळिशीजवळ जातो. नाशिकची द्राक्षे कौतुकाने रोज भरवू नयेत, त्यात साखर फार. लसूणघास सहज मिळतो, पण त्यातल्या कॅल्शियममुळे वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगला मुतखड्याचा धोका असतो. रोजचे खाणे साधे वाळलेले गवतच हवे. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरची आणि कोथिंबीर रोज द्यावी. दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून नर-मादी हातात ठेवले, तर दोन-अडीच महिन्यांत डोळे उघडी असलेली, केसाळ पिल्ले घरात धावताना दिसतील. इतक्या लहान प्राण्याचे निर्बीजीकरण करणारा डॉक्टर आधी सापडला नाही, तर सरळ एकाच वेतातल्या दोन माद्या मागाव्यात.